काठोकाठ भरलेलं पिंप

आर्ब्वा, रविवार, ९ जून

सोलांज वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कचऱ्यात टाकलं नसशील असं धरून चालते आणि आधी कामाचं सांगते.

शनिवारी, १५ तारखेला, दुपारी चारच्या सुमारास तुमच्या दारात चार सायकली येतील. तीन पाहुण्यांच्या आणि एक माझी. सहल-कंपनीनं यंदा आमची वाट लांबवली आहे. इतकी वर्षं मी पाहुण्यांना जुरातल्या जुरात, द्राक्षांच्या बागांमधून फिरवून लों स्टेशनावर सोडून द्यायचे. आता ब्रेसचं सपाट रान ओलांडून, सोन नदी पार करून थेट बर्गंडीतल्या ब्युसीच्या टेकड्यांपर्यंत न्यायचं आहे. शेवटच्या वाइनघराचं नाव कागदावर वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. मग कंपनीतल्या मुलीला फोन लावला. म्हटलं, "दुसरं कुणी नाही का तिकडे?" ती म्हणाली, "अहो, ही बाई स्वतः तळघर दाखवते, ओव्हनमधून काढलेले चीजचे गरमागरम फुगे खायला घालते. लोक तिच्यावर बेहद्द खूश आहेत. तुम्हाला काय अडचण आहे?"

काय अडचण सांगणार? सख्ख्या भावाचं घर आहे आणि चौदा वर्षांत मी त्याचा उंबरा पाहिलेला नाही, असं? बाबांच्या अंत्यविधीला रेजिसदादा आला, चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तू आलीच नाहीस. त्याबद्दल तुला बोल लावायला मला तोंड नाही.

मला त्या पिंपाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान दोन ओळी तरी वाचतो, म्हणून पत्र. रोज एक लिहीन म्हणते, जमेल तसं. टपालाचा भरवसा नाही, पण निदान दोन-तीन तरी शनिवारच्या आत पोचतील.

मी नको असेन तर सरळ फाटक बंद ठेव. पाहुण्यांना मागच्या दारानं आत घे, मी बाहेर थांबेन. त्यांना काही कळणार नाही. त्यांच्यासमोर भांडण मात्र नको, तो माझा धंदा आहे.

पाहुणे कोण म्हणशील तर गेंटहून आलेलं एक जोडपं आहे, योस्त आणि ग्रीत. तो दाताचा डॉक्टर होता, आता निवृत्त. बॅटरीची सायकल आणली आहे आणि बॅटरी आहे हे कुणाला कळू नये म्हणून पॅडल मारताना तोंड वेंगाडतो. तिसऱ्या, लिऑ शहरातल्या, मादाम पेर्द्री, वय एकाहत्तर, औषधांचं दुकान चालवायच्या. पाय लोखंडाचे आणि जीभही.

आर्मेल


शातो-शालों, मंगळवार, ११ जून

सोलांज वहिनी,

काल लिहायचं राहिलं. पोलिन्यीला योस्तची साखळी दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा माझेच हात काळे झाले.

आज शातो-शालोंचा चढ. तुला तो आठवत असेल, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू तो माझ्यासोबत चढली होतीस आणि अर्ध्यात उतरून म्हणाली होतीस, "तुमच्याकडे द्राक्षं डोंगरावर का लावतात? आमच्याकडे ती माणसांसारखी खाली राहतात." आज अर्ध्या चढावर योस्तची बॅटरी संपली. मादाम पेर्द्री त्याच्या शेजारून गेल्या, घंटी वाजवून. "डॉक्टर, जरा मोठा आ करा, दम आत जाईल!" ग्रीतला इतकं हसू आलं की तिलाही उतरावं लागलं.

वर पोचल्यावर नेहमीप्रमाणे तळघरात गेलो आणि मी माझी नेहमीची टेप सुरू केली. इथली पिवळी वाइन सहा वर्षं तीन महिने पिंपात राहते. तेवढ्या काळात ती उडत जाते, पातळी खाली खाली येते आणि आम्ही ती भरून काढत नाही. वर दुधावर धरावी तशी पातळ साय धरते, तीच वाइनला राखते. साय मोडली की संपलं. आणि नदीपलीकडे, बर्गंडीत, बरोब्बर उलटं. तिथं पिंप एक बोटभर जरी रिकामं दिसलं तरी लोक ते लगेच भरून टाकतात.

आणि मग, वहिनी, माझ्या तोंडून ती गोष्ट गेली. मी थांबवू शकले असते असं मी म्हणणार नाही, कारण थांबवायचं मला सुचलंच नाही. "आमच्या शेजारच्या गावात एकदा एक बर्गंडीची सून आली," इथून ती सुरू होते. सून तळघरात जाते, पिंपं अर्धी रिकामी बघून हळहळते, बिचाऱ्या सासऱ्याचं केवढं नुकसान म्हणून वरून वाइन ओतते, काठोकाठ. संध्याकाळी सासऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगायला जाते. सासरा तीन दिवस अंथरुणाला खिळतो. इथं मी थांबते आणि लोक हसतात.

मी ही गोष्ट बारा वर्षं सांगते आहे. दर सहलीत. कौतुकानं सांगायला जाण्याचा भाग मी मागाहून जोडला, त्यानं हशा वाढला.

योस्त तर डोळे पुसत होता. म्हणाला, "शनिवारी आपण बर्गंडीतच जातोय ना? तिथल्या बाईला ही गोष्ट मी सांगणार! बघूया तिला हसू येतं का!"

माझ्या हातातला पेला तिथंच राहिला. ग्रीतनं विचारलं, "बरं नाही वाटत का?" मी म्हटलं, चढ बाधला. मी, या चढावर बारा वर्षं येणारी.

आता शनिवारी काय होईल ते तुझ्या लक्षात आलं असेल. मी फाटकाबाहेर थांबले काय आणि आत आले काय, ती गोष्ट योस्तच्या तोंडून तुझ्या टेबलावर येणार. त्याला गप्प बसवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगायचं तर खरं सांगावं लागेल.

आर्मेल


लों-ल-सोनिये, बुधवार, १२ जून, दुपार

सोलांज वहिनी,

सकाळी मोंरुआवरून आलो, आपल्या घरासमोरूनच. मी तिथंच राहते अजून, हे तुला माहीत असेल. बागा शेजाऱ्याला कसायला दिल्या आहेत. तळघरात आता माझ्या सायकली असतात, सतरा आहेत. बाबांना ते दिसलं असतं तर ते पुन्हा एकदा मेले असते.

पाहुण्यांना पाणी प्यायला थांबवलं. जिथं ते पिंप होतं तिथं आता टायरी टांगल्या आहेत. मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. मादाम पेर्द्रींनी विचारलं, "रोज कुणाला एवढं लिहितेस? नवऱ्याला?"

"नवरा सोडून पंधरा वर्षं झाली. वहिनीला."

"आजारी आहे का?"

"नाही. बोलत नाही माझ्याशी."

"मग तिचं बरं चाललंय म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि बाटली भरून पुढे झाल्या.

तो रविवार मी इतक्या वर्षांत कागदावर कधी उतरवला नाही. आज उतरवते. जेवायला कोंबडी होती, अळंबी आणि पिवळ्या वाइनमधली. बाबा तळघरातून वर आले ते हात न धुताच बसले. त्यांनी पिंपावर पेरं वाजवली होती, जसे ते दर महिन्याला वाजवायचे. आवाजावरून पातळी ओळखायची आणि खडूनं रेघ मारायची. त्या दिवशी पिंप बद्द वाजलं होतं. बूच काढलं तर वाइन काठाला लागलेली आणि सायीचे तुकडे वर फिरत होते. ते पिंप कुठलं, हेही तुला माहीत आहे. गारपिटीनं सगळं झोडपलं त्या वर्षीचं, तेवढं एकच पिंप वाचलं होतं. पाच वर्षं झाली होती त्याला.

बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले, "हा बर्गंडीचा हात आहे. रिकामं पिंप दिसलं की यांना झोप लागत नाही."

तू म्हणालीस, "मी नाही केलं."

बाबा म्हणाले, "तूच म्हणत होतीस ना त्या दिवशी, तुमची पिंपं बघून हात शिवशिवतात म्हणून?"

"अहो, ती थट्टा होती!"

"थट्टेनं गेलं का माझं पिंप?"

आणि मग दादा मध्ये पडला. "बाबा, चुकून झालं असेल. तिला इथली सवय नाही. तिनं चांगल्याच भावनेनं केलं असणार." किती शांतपणे बोलला! दादानं तुझी बाजू घेतली, बाबांसमोर, भरल्या टेबलावर. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता, खरं सांगते. माझ्या नवऱ्यानं माझी बाजू एकदाही घेतली नव्हती.

मी काय केलं? मी चीजचा लाकडी पाट उचलला आणि तुझ्यापुढे केला. तू घेतलं नाहीस. महिन्याभरात तुम्ही दोघं सामान घेऊन तुझ्या माहेरी, ब्युसीला गेलात.

वहिनी, मला तेव्हाच माहीत होतं की तू ते केलं नाहीस. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला पक्कं माहीत होतं. कसं, ते उद्या लिहीन. आज हात दुखतोय.

हात ठीक आहे. उद्या लिहीन.

आर्मेल


लुआं, गुरुवार, १३ जून

सोलांज वहिनी,

मीच केलं ते.

वाक्य लिहून झालं. चौदा वर्षं जड वाटत होतं, प्रत्यक्षात तीन शब्द निघाले.

आता कसं ते सांगते, कारण कसं ते कळल्याशिवाय तुझा विश्वास बसणार नाही. तुझ्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

नवऱ्याला सोडून मी मोंरुआला परत आले होते आणि सायकलच्या सहली सुरू करायचं डोक्यात घेतलं होतं. बाबा म्हणायचे, "सायकलवर बसून दारू प्यायला येणाऱ्या माणसांना मी माझ्या तळघरात पाय ठेवू देणार नाही." माझा पहिला गट आला तो जूनमध्येच, आठ माणसं. तुम्ही सगळे वर बागेत वेली बांधायला गेला होता. मी त्यांना तळघरात घेऊन गेले आणि फुशारकी मारायला, या घरातलं सगळ्यांत चांगलं काय आहे ते दाखवायला, त्या पिंपाची छोटी तोटी सोडली. प्रत्येकाला घोटभर. मग त्यांनी अजून मागितलं. मी दिलं. ते मला डोक्यावर घेत होते, वहिनी. कितीतरी दिवसांत कुणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

ते बाहेर गेले आणि मी पिंपावर पेरं वाजवली. आवाज बाबांच्या रेघेच्या बराच खाली. दुसऱ्या दिवशी ते वाजवायला येणारच होते. शेजारच्या पिंपातली साधी पांढरी वाइन काढली, मोठं नरसाळं लावलं आणि बादलीमागून बादली ओतत गेले. जुरात जन्मलेली मी! साय म्हणजे काय हे चालायच्या आधी शिकलेली मी! फक्त रेघेपर्यंत भरायचं होतं, पण बाहेर पाहुणे हाका मारत होते. थांबायचं भान राहिलं नाही. सायीचा तुकडा नरसाळ्याभोवती गरगरला तेव्हा लक्षात आलं काय केलं ते. बूच ठोकलं, बाहेर गेले, हेल्मेट घातलं आणि आठ जणांना घेऊन पुढच्या गावाला निघाले. वाटेत त्यांनी गाणी म्हटली. मीही म्हटली.

न भरता तसंच सोडलं असतं तर? बाबा थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून उभे राहिले असते, कुठं गळतंय का बघितलं असतं आणि नवी रेघ मारली असती. पिंप वाचलं असतं. हा विचार मी किती वेळा केलाय याची मोजदाद नाही.

बाबांनी तुझं नाव घेतलं नसतं तर मी बोलले असते का? मी स्वतःला सांगत आले की हो. आता खात्री नाही. बाबा शेवटच्या वर्षी अंथरुणावर असताना दोनदा म्हणाले, "त्या पोरीला मी फार बोललो." मी उशी सरळ केली. तेव्हाही बोलले नाही. तेव्हा तर कुणी मला घराबाहेर काढणारही नव्हतं.

आज हे सगळं मी आधी पाहुण्यांना सांगितलं. ब्रेसमध्ये जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जाताना, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, पळून जायला जागा नाही. एका पडक्या फाटकाशी जेवणाचे डबे उघडले आणि मी म्हटलं, "मंगळवारी सांगितलेली गोष्ट खोटी आहे. पिंप भरणारी मी आहे. आणि ती सून माझी वहिनी आहे, शनिवारी आपण तिच्याच घरी जातोय."

मग मादाम पेर्द्री म्हणाल्या, "पहिली गोष्ट जास्त चांगली होती."

ग्रीत त्यांच्यावर चिडली. "मादाम!"

"काय मादाम? खरं तेच सांगते. हसायला पहिलीच चांगली." मग माझ्याकडे वळून, "ती नवऱ्याबरोबर गेली ना? मग तुला वाटतं तेवढं नुकसान झालं नसेल."

मी म्हटलं, दादानं तर भर टेबलावर तिची बाजू घेतली. योस्त इतका वेळ ब्रेडचा तुकडा हातात धरून बसला होता. त्यानं विचारलं, "काय म्हणाला होता तो नक्की?" मी सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि खायला लागला. पुढे सगळ्या वाटेनं तो बॅटरी बंद ठेवून पॅडल मारत राहिला.

हे पत्र शनिवारच्या आत पोचणार नाही, मला माहीत आहे. म्हणजे मला तोंडानंच सांगावं लागेल. मी माफी मागायला येते आहे. मिळेल असं धरून नाही.

आर्मेल


तुर्नू, शुक्रवार, १४ जून

वहिनी,

नदी ओलांडली. पाऊस, एक पंक्चर, मादाम पेर्द्रींचा रेनकोट साखळीत अडकून फाटला आणि त्याबद्दल मला दोन तास ऐकावं लागलं. समोर तुमच्या टेकड्या दिसतात. मी रात्रीचं जेवले नाही तर लोक विचारतील म्हणून जेवणार आहे.

आ.


तुमच्या फाटकासमोर, शनिवार, १५ जून, साडेचार

सोलांज वहिनी,

तुझी बाग सुंदर आहे. ओळी इतक्या सरळ आहेत की दादानं दोरी लावली असणार, तो घरीही दोरी लावायचा.

फाटक उघडं होतं. पण ते माझ्यासाठी उघडं होतं की पाहुण्यांसाठी, हे कळायला काही मार्ग नव्हता. हा विचार मी पत्र लिहिताना केला नव्हता. बंद असेल तर काय करायचं ते ठरवलं होतं, उघडं असेल तर काय, ते नाही. म्हणून मी तिघांना आत पाठवलं आणि म्हटलं, मी सायकलींची हवा बघते. मादाम पेर्द्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खरोखर हवा भरायला लागले.

तू दारात आलीस, पाहुण्यांशी हात मिळवलेस. केस पांढरे झालेत तुझे. माझ्याकडे बघितलंस, मान हलवली नाहीस, आत गेलीस. यावरूनही मला काही कळलं नाही.

आता अर्धा तास झाला. मी भिंतीवर बसले आहे. आठही टायरींत पुरेशी हवा आहे, आणखी भरली तर फुटतील. मला आत जायचंय आणि मी भिंतीवरून उतरत नाही. घाबरले आहे मी, दुसरं काही नाही. छप्पन्न वर्षांची बाई भावाच्या फाटकाशी घाबरून बसली आहे.

कुणीतरी येतंय. तू नाहीस, दादा आहे. हातात पेला आहे, मला आणतोय बहुतेक. पेला हातात घ्यायच्या आधी सांगायला हवं. थांबते.


ब्युसी, गुरुवार, २० जून

आर्मेल,

तुझी पहिली दोन पत्रं शनिवारच्या आधीच आली होती. पुढची तीन मंगळवारी मिळाली, आणि भिंतीवर बसून लिहिलेलं तू टपालपेटीत टाकून गेलीस ते शनिवारीच. तोपर्यंत मला रेजिसकडून कळलं होतं. तो फाटकातून परत आला, भरलेला पेला तसाच टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांसमोर माझ्याकडे बघत राहिला. ओव्हनमधले फुगे करपले. योस्त उठला आणि त्यानंच ते बाहेर काढले. नंतर जाताना तो मला म्हणाला, "मादाम, तुमच्या नणंदेला वाटतं की तिच्या भावानं तुमची बाजू घेतली." मी म्हटलं, "हो, तिला तसंच वाटणार." तो म्हणाला, "मला नाही वाटलं." त्या दाताच्या डॉक्टरला एका दुपारी जे कळलं ते तुम्हा भावंडांना चौदा वर्षांत कळलं नाही.

तू लिहितेस, "दादानं तुझी बाजू घेतली." त्यानं माझी बाजू घेतली नाही, आर्मेल. त्यानं माझ्या वतीनं गुन्हा कबूल केला. "चुकून झालं असेल, चांगल्या भावनेनं केलं असणार." मी "नाही केलं" म्हणत असताना. तुझ्या बाबांच्या शब्दाचं मला तेव्हाही फारसं वाटलं नव्हतं, म्हाताऱ्याचं पिंप गेलं होतं, तो बोलणारच. वाटलं ते रेजिसचं.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी मी त्याला चार-पाचदा सांगितलं, मी नव्हते रे. तो माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. "सोड ना आता, मी कधीच विसरलो." इतक्या मायेनं म्हणायचा की पुढे बोललं तर मीच वाईट ठरले असते. मग मी सांगणं सोडलं. इथं दर आठवड्याला आम्ही पिंपं भरून काढतो, ते आमचं कामच आहे, आणि दर आठवड्याला तो दिवा धरून माझ्याकडे बघून किंचित हसतो. त्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक असतं. एकदाही त्यानं मला टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

काल सकाळी बागेत, वेली बांधताना, माझ्याकडे पाठ करून त्यानं विचारलं, "मग तू इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

मी म्हटलं, "तू मला माफ करण्यात इतका सुखी होतास."

तो तिथंच ओळीत खाली बसला. मी त्याला उठवायला गेले नाही. माझी ओळ पूर्ण केली. मग गेले. त्यानं माफी मागायला तोंड उघडलं आणि मी म्हटलं, आज नको, जेवून घे. तो जेवला. आज सकाळपासून तो दर तासाला काहीतरी विचारायला येतो, कात्री कुठं आहे, दोरी आहे का, आणि प्रत्येक वेळी दारात थांबतो. थांबू दे.

आता तुझं. तू माफी मागितली आहेस. ती मी देणार नाही. राग आहे म्हणून नाही, आहे तोही, पण ते कारण नव्हे. माफी कशी लागते ते मला ठाऊक आहे, चौदा वर्षं खाल्ली आहे. ती रोज थोडी थोडी वाढतात, हसून वाढतात आणि ताटावरून उठता येत नाही. ती मी कुणाला वाढणार नाही, तुला तर मुळीच नाही.

तुझा पुढचा गट एकोणतीस तारखेला आहे, कंपनीतल्या मुलीनं कळवलं. पाच जण आहेत म्हणे. तुमच्या सहा खुर्च्या मांडून ठेवते. तू भिंतीवर बसायचं नाहीस. आत यायचंस, जेवायचंस, आणि बाटली उघडली की ती पिंपाची गोष्ट तूच सांगायचीस. कमी हसले लोक तर हसू देत कमी. मी समोर बसून ऐकणार आहे आणि रेजिसही. आणि त्यात "बर्गंडीची एक सून" म्हणायचं नाही. माझं नाव घ्यायचंस.

सोलांज